औद्योगिक प्रदूषणाच्या जाहीर आकडेवारीची विश्वासार्हता

कारखान्यांनी हवेत, पाण्यात व जमिनीत सोडलेल्या प्रदूषकांची जी माहिती लोकांसाठी खुली केली जाते, ती वस्तुस्थितीशी कितपत जुळते, हा पर्यावरण नियमनातील कळीचा प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी ही माहिती कारखाना स्वतःच भरून देतो. नियामक संस्था ती गोळा करून प्रसिद्ध करते. सरकारी संकेतस्थळावरचा आकडा सरकारने मोजलेला असतो, हा सर्रास आढळणारा समज म्हणूनच चुकीचा आहे.

डिसेंबर १९८४ मधील भोपाळ वायुदुर्घटनेनंतर अशा माहितीची मागणी जगभर वाढली. अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने ‘टॉक्सिक्स रिलीज इन्व्हेंटरी’ ही नोंदवही सुरू केली. २००३ चा कीव्ह प्रोटोकॉल २००९ मध्ये लागू झाला आणि अशा नोंदवह्यांना आंतरराष्ट्रीय कराराचा आधार मिळाला. शेजारच्या कारखान्यातून काय बाहेर पडते हे विचारण्याचा हक्क लोकांना यातून मिळाला, आणि त्याचे मोल आकडे सदोष असले तरी कमी होत नाही. मात्र अमेरिकी नोंदवहीत १० पेक्षा कमी कर्मचाऱ्यांचे कारखाने येत नाहीत आणि रसायनाचा वापर ठरावीक मर्यादेखाली असेल तर तोही सहसा नोंदवावा लागत नाही. नोंद नाही म्हणजे प्रदूषण नाही, असा अर्थ काढता येत नाही.

जाहीर आकड्यांपैकी बरेचसे मोजलेले नसून अंदाजलेले असतात. वस्तुमान ताळेबंदात आत आलेल्या कच्च्या मालातून उत्पादन व कचरा वजा करून उरलेले ‘हवेत गेले’ असे धरतात. दोन प्रचंड संख्यांची ही वजाबाकी असल्याने मूळ मोजमापातली किरकोळ चूकही उत्तर पार बदलून टाकते. दुसरी पद्धत उत्सर्जन गुणांकाची: तशाच प्रकारच्या इतर कारखान्यांची सरासरी घेऊन ती उत्पादनाने गुणायची. देखभाल हलगर्जीपणे करणारा कारखाना सरासरीच्या कितीतरी वर असू शकतो, पण कागदावर तो इतरांसारखाच दिसतो. व्हॉल्व्ह, पाइपजोड व साठवण टाक्यांतून होणारी गळती, तसेच यंत्रणा सुरू वा बंद करतानाचे उत्सर्जन या हिशोबांतून सर्वाधिक निसटते. कॅनडातील तेलवाळू (डांबरासारखे तेल मिसळलेली वाळू) प्रकल्पांवर विमानातून मोजमाप केले असता हवेतील कार्बनी संयुगांचे प्रमाण उद्योगांनी कळवलेल्या आकड्यांच्या सुमारे २० ते ६४ पट आढळले. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

तपासनीसाला पैसे कोण देतो, यावरही बरेच अवलंबून असते. गुजरातमध्ये पर्यावरण ऑडिटर नेमण्याचे व त्याची फी देण्याचे काम कारखान्याकडेच होते. तेथे झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले, की प्रचलित पद्धतीत ऑडिटरांचे आकडे कायदेशीर मर्यादेच्या किंचित खाली दाटीवाटीने जमा होत होते. काही कारखान्यांसाठी ऑडिटर चिठ्ठी टाकल्याप्रमाणे नेमला, फी सामाईक निधीतून दिली आणि नमुन्यांची फेरतपासणी केली, तेव्हा अहवाल खरे होऊ लागले व त्या कारखान्यांनी प्रदूषणही घटवले. नियम तेच, मर्यादाही तीच. बदलली ती फक्त ऑडिटरची नेमणूक, पैशाची वाट आणि फेरतपासणी. या विषयातला इतका बोलका पुरावा दुसरा क्वचितच सापडेल.

धुराड्यावर किंवा सांडपाण्याच्या निकासावर बसवलेली सतत मोजणारी उपकरणे हा उपाय आता अनेक देशांत सक्तीचा आहे. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषक गणलेल्या १७ उद्योगप्रकारांना असे आदेश दिले. तथापि कॅलिब्रेशन (उपकरण प्रमाणित मापाशी जुळवणे) चुकले, सेन्सर भलत्या जागी बसवला किंवा खंडित काळातील आकडे सरासरीने भरले, तर क्षणोक्षणी झळकणारी संख्याही दिशाभूल करते. चीनने २०१४ मध्ये औष्णिक वीजकेंद्रांसाठी मर्यादा कडक केल्या, तेव्हा सर्वांत कडक मर्यादा असलेल्या भागांत उपकरणांनी सल्फर डायऑक्साइडमध्ये मोठी घट दाखवली. उपग्रहांच्या नोंदींत तेवढी घट दिसली नाही.

म्हणून आकड्यासोबत मोजण्याची पद्धत, नमुन्यांची संख्या, उपकरण बंद असलेला काळ व मागाहून केलेल्या दुरुस्त्या प्रसिद्ध होणे अत्यावश्यक मानले पाहिजे. उपग्रहांचा पडताळा सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, मिथेन अशा मोजक्या वायूंपुरता चालतो. सांडपाण्यातील शिसे किंवा क्रोमियम यांच्यासाठी पूर्वसूचना न देता घेतलेला नमुना आणि स्वतंत्र प्रयोगशाळा यांवरच विसंबावे लागते.