जंतूंची सुई कशी सापडली: पार्श्वभूमी

सिंहस्थाची तयारी सुरू झाली की नाशिकमध्ये चर्चा होते ती पाण्याची. रामकुंडातलं पाणी तपासलं का, नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरतंय का. पोटात गेलेला जंतू पुढे काय करतो, हे मात्र संशोधकांनाही बऱ्याच उशिरा उमगलं. काही जंतू तर सुईसारख्या रचनेतून आपली प्रथिनं थेट आपल्या पेशीत टोचतात.

सुरुवात कोलकात्याची. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) जंतूचं विष हाती लागत नव्हतं, कारण प्रयोगात ते प्राण्यांच्या शिरेत नाहीतर पोटाच्या पोकळीत टोचलं जाई. प्राणी मरत, पण जुलाबाने नव्हे. तिथले संशोधक शंभुनाथ डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यातच द्रव सोडला. जंतू गाळून काढलेल्या ब्रॉथनेही (जंतू वाढवायच्या द्रवानेही) तो तुकडा पाण्याने टम्म फुगतो, हे त्यांनी १९५९ मध्ये दाखवलं. म्हणजे विष जंतूच्या बाहेर पडलेलं असतं.

यर्सिनियाने (प्लेगच्या जंतूचं कूळ) मात्र सगळ्यांना चकवलं. ३७ अंशांना ब्रॉथमधलं कॅल्शियम काढून घेतलं की हा जंतू ‘यॉप’ प्रथिनं ढिगाने बाहेर टाकतो आणि त्याची वाढ थांबते. तीच प्रथिनं पेशींवर ओतली तर काहीच होत नाही! उलगडा झाला १९९४ मध्ये, स्वीडनमधल्या उमेओच्या गटाकडून: जंतू पेशीला चिकटला की यॉप-ई थेट तिच्या आत जातं, बाहेर जवळपास सांडत नाही. ब्रॉथमधला ढीग ही प्रयोगशाळेने करवलेली गळती होती.

हे प्रथिन जातं कुठून, ते १९९८ मध्ये दिसलं. कुबोरी, ऐझावा, गालान आणि सहकाऱ्यांनी साल्मोनेलातून (टायफॉइडच्या जंतूचं कूळ) सुईसारखी रचना वेगळी काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बूड जंतूच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही पटलांत रुतलेलं, सुई बाहेर. आतलं छिद्र जेमतेम २ ते ३ नॅनोमीटर, त्यामुळे घडी घातलेलं प्रथिन त्यातून जातच नाही. ते उलगडलेल्या धाग्यासारखं सरकतं. हीच टाइप-३ स्राव यंत्रणा. पटकीचं विष वेगळ्या, टाइप-२ वाटेने बाहेर येतं. दोन्हींची सरमिसळ नको.

सगळ्यात बिलंदर ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचा लहान मुलांना जुलाब लावणारा प्रकार. तो पेशीवरच्या ज्या प्रथिनाला घट्ट चिकटतो, ते पेशीचंच आहे अशी समजूत होती. १९९७ मध्ये कळलं की ते ‘टिर’ जंतूनेच आत पाठवलेलं असतं. भिंतीत खिळा स्वतः ठोकायचा आणि मग त्यालाच लटकायचं.

नाशिकच्या कॉलेजांत मायक्रोबायोलॉजी शिकणाऱ्यांना यातली बहुतेक यंत्रणा पुस्तकातच भेटते. शिगेलाचं, म्हणजे आमांशाच्या जंतूचं, तसं नाही; त्याची सुई आहे की गेली, हे बशीतच दिसतं. काँगो रेड हा रंग घातलेल्या अगारवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) ३७ अंशांना सुई शाबूत असलेल्या वसाहती लाल येतात. वारंवार सबकल्चर केलं, म्हणजे जुन्या वाढीतून नवी वाढ घेत राहिलं, की सुईची जनुकं असलेला सुमारे २२० किलोबेसचा (२ लाख २० हजार डीएनए-अक्षरांचा) प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं सुटं कडं, गळतो आणि वसाहती पांढऱ्या पडतात. असा स्ट्रेन (जंतूचा वाण) पेशींत शिरतच नाही, मग प्रयोग फसला म्हणून लोक वाढीच्या माध्यमाला दोष देत बसतात. लाल वसाहत उचलावी आणि साठा ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना ठेवावा.