अर्ध्या गोळीचं गणित

फोंड्याच्या बाजारात कुठल्याही फार्मसीच्या काउंटरपाशी संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलं की हा संवाद कानावर पडतोच. आजी प्लास्टिकच्या पिशवीतून चार घड्यांची चिठ्ठी काढतात. घडीवरची शाई उडालेली, डॉक्टरांची सही तेवढी शाबूत. सोबत कात्रीनं कापलेली स्ट्रिप, दोन गोळ्या उरलेली. एक्स्पायरीची तारीख कापलेल्या तुकड्याबरोबर कधीच गेली.

‘बाबा, हीच दे. पंधरा दे.’

‘आजी, चिठ्ठी कधीची ही?’

‘धाकट्याच्या लग्नाच्या वेळची. अरे, अर्धीच तर घेते. झोपेपुरती.’

धाकट्याची मुलगी आता शाळेत जाते. इतकी वर्षं रोज रात्री अर्धी गोळी पोटात जाते आहे, आणि घरात कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. बीपीची गोळी, थायरॉइडची गोळी, तशीच ही झोपेची. मला या समजाविषयी लिहायचं आहे, कारण त्याच्या पोटात दोन चुका आहेत. पहिली, अर्धी म्हणजे थोडी. दुसरी, वाटेल तेव्हा सोडता येते.

आधी ‘थोडी’चं बघू. आजींची गोळी अल्प्राझोलम ०.५ मिलिग्रॅमची आहे. तिची अर्धी म्हणजे ०.२५ मिलिग्रॅम. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची असते, त्यापुढे हा आकडा नगण्य दिसतो. पण औषधाचा जोर वजनावर ठरत नाही. डॉक्टर ढोबळ हिशेबाला जे तक्ते वापरतात, त्यांत अल्प्राझोलमचे ०.५ मिलिग्रॅम हे डायझेपामच्या सुमारे १० मिलिग्रॅमच्या बरोबरीनं धरले जातात. क्लोनाझेपामचंही तसंच. म्हणजे आजी रोज रात्री डायझेपामची ५ मिलिग्रॅमची पूर्ण गोळीच घेताहेत.

या सगळ्या गोळ्या एकाच घराण्यातल्या, बेंझोडायझेपीन. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत हॉफमन-ला रोश कंपनीत लिओ स्टर्नबाख नावाचा रसायनतज्ज्ञ होता. १९५७ मध्ये प्रयोगशाळा आवरताना त्याच्या सहकाऱ्याला बाजूला पडून राहिलेले काही स्फटिक सापडले. टाकून देण्याऐवजी ते तपासणीला पाठवले, आणि त्यातून १९६० मध्ये लिब्रियम बाजारात आलं. १९६३ मध्ये डायझेपाम आलं, व्हॅलियम या नावानं. त्याआधीच्या बार्बिट्युरेट गोळ्या जास्त झाल्या तर श्वासच थांबायचा. नवी गोळी त्या मानानं इतकी सुरक्षित होती की डॉक्टरांनी ती सढळ हातानं लिहिली. ती सुरक्षित का होती, याचं उत्तर कळायला पुढे बरीच वर्षं लागली, आणि ते उत्तर इतकं देखणं आहे की त्यावर मी थोडा रेंगाळणार आहे.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना ‘पेटा’ असा निरोप देतात तसाच ‘थांबा’ असाही देतात. थांबण्याचा निरोप नेणारं मुख्य रसायन म्हणजे गॅमा अमिनोब्युटिरिक ॲसिड, थोडक्यात गाबा. पेशीच्या भिंतीवर गाबासाठी एक ग्राहक, म्हणजे निरोप घेणारा रिसेप्टर, असतो. प्रथिनांचे पाच तुकडे गोलाकार उभे आणि मधोमध बारीक वाट. मेंदूत जास्त करून आढळणाऱ्या रचनेत दोन अल्फा, दोन बीटा आणि एक गॅमा तुकडा असतो. बीटा आणि अल्फा यांच्या दोन सांध्यांत गाबा येऊन बसला की मधली वाट उघडते आणि बाहेरचे क्लोराइड आयन आत शिरतात. मिठात सोडियमच्या जोडीला असतं, तेच हे क्लोराइड. त्याच्यावर ऋण भार असतो. पेशी आतून आधीच सुमारे उणे ७० मिलिव्होल्टवर असते, ती आणखी ऋण होते आणि पेटायला कठीण होते.

बेंझोडायझेपीनचा रेणू गाबाच्या जागी बसत नाही. तो बसतो अल्फा आणि गॅमा यांच्या सांध्यात. आपल्याकडे खाडीकाठच्या खाजन शेताच्या बांधाला लाकडी मानस, म्हणजे पाण्याची झडप, असते. तिचं दार पाण्याच्या दाबानंच उघडतं. बिजागरीला तेल घातलं तर ते सहज उघडेल, पण पाणीच नसेल तर तेल एकट्यानं दार उघडू शकत नाही. ही गोळी म्हणजे ते तेल. गाबा आला की वाट अधिक वेळा उघडते. गाबा नसेल तर गोळीच्यानं काही होत नाही. बार्बिट्युरेटचं तसं नव्हतं. ती वाट उघडी राहण्याचा वेळ लांबवायची, आणि मोठ्या मात्रेत गाबाशिवायही वाट उघडून ठेवायची. मरण ओढवायचं ते त्यामुळे. बेंझोडायझेपीनला मेंदूत असलेल्या गाबाचीच मर्यादा पडते.

पुढची गोष्ट याहून सुंदर आहे. अल्फा तुकड्याचे सहा प्रकार आहेत. अल्फा-१ मध्ये १०१ व्या जागी हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल असतं. झुरिचमधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या जनुकात बदल करून तिथे आर्जिनिन बसवलं. एवढा एकच बदल. १९९९ मध्ये दिसलं, की या उंदरांना डायझेपाम दिलं तरी गुंगी येत नाही, भीती मात्र कमी होते. पुढच्याच वर्षी असाच बदल अल्फा-२ मध्ये केला, तेव्हा उलट झालं: भीती कमी होईना. म्हणजे गुंगी एका दारातून येते आणि निर्धास्तपणा दुसऱ्या. झोल्पिडेम ही गोळी मुख्यतः अल्फा-१ ला धरते, म्हणून ती झोपेलाच वापरतात. ‘ही त्यातली नव्हे, नवी आहे’ असं सांगून ती दिली जाते. बसते ती त्याच सांध्यात, आणि सवय तिचीही लागते.

रोज रात्री ‘थांबा’चा आवाज वाढवला तर मेंदू गप्प बसत नाही. काही आठवड्यांत तो हिशेब जुळवून घेतो. गाबाची जागा आणि गोळीची जागा यांचा मेळ सैल होतो, तुकड्यांची जुळणी बदलते, आणि पलीकडे ग्लुटामेट, म्हणजे ‘पेटा’चा निरोप नेणारं रसायन, त्याची बाजू भक्कम होते. झोप आणण्याचा गुण सर्वांत आधी ओसरतो. म्हणून वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्याला वाटतं ती झोप आणते. बऱ्याचदा ती फक्त कालच्या गोळीची उतरण थोपवत असते. आठवणी साठवण्यातला अडथळा मात्र तितकासा ओसरत नाही. रात्री उठून न्हाणीघरात जाताना तोल जातो, तोही या गोळीमुळेच. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सारं आयुष्य बदलतं. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेची ‘वयस्कांना शक्यतो देऊ नये’ अशा औषधांची यादी आहे, तिच्यात हे घराणं आहे ते उगाच नाही.

आता गोळी अचानक थांबवली तर? गोळी रक्तातून काही दिवसांत जाते, मेंदूतली फेरजुळणी काही दिवसांत परत फिरत नाही. ‘थांबा’ दुबळा, ‘पेटा’ जोरात. झोप पार उडते, हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते. कानात आवाज, अंगाला मुंग्या, उजेड आणि आवाज सहन न होणं, असं पूर्वी कधीच नव्हतं तेही सुरू होतं. घरचे म्हणतात, ‘बघ, गोळी सोडली आणि आजार उलटला.’ हा आजार जुना नाही. जी लक्षणं आधी कधीच नव्हती, ती जुन्या आजाराची असतील कशी? कुणाला फिट येते, कुणाला भास होतात, आणि क्वचित जिवावरही बेततं.

हे कळायला उशीर झाला असंही नाही. लिब्रियम येऊन वर्ष होतं न होतं तोच, १९६१ मध्ये, लिओ हॉलिस्टर यांनी मोठ्या मात्रेवर कित्येक महिने असलेल्या ११ रुग्णांना गुपचूप औषध नसलेल्या गोळ्यांवर नेलं. १० जणांना त्रास झाला, दोघांना फिट आली. ‘मोठी मात्रा होती म्हणून’ अशी समजूत करून घेणं सोपं होतं. १९८१ मध्ये लंडनमध्ये नेहमीच्या मात्रेवरच्या १६ रुग्णांची गोळी बंद केली, तेव्हा सगळ्यांनाच कमी-अधिक त्रास झाला. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीनं सांगितलं, ही गोळी दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावी. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अवलंबित्वाचा ठळक, चौकटीतला इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावला तो २०२० मध्ये. साठ वर्षांची ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते.

सोडताना गणित कामाला येतं. अल्प्राझोलमचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण ११ तासांचं. चोवीस तासांनी रक्तात पंचमांशाहून किंचित जास्त उरतं. म्हणून ते वरचेवर घेणाऱ्यांना दोन गोळ्यांच्या मध्येच अस्वस्थ वाटू लागतं. डायझेपामपासून शरीरात जे नॉरडायझेपाम बनतं, त्याचं अर्धायुष्य १०० तासांच्या आसपास असू शकतं. चोवीस तासांनी ८५ टक्के शिल्लक. इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये १९८२ ते १९९४ असा गोळी सोडवण्याचा दवाखाना चालवणाऱ्या डॉ. हेदर ॲश्टन यांनी हाच धागा धरला: रुग्णाला हळूहळू डायझेपामवर न्यायचं आणि मग ते उतरवायचं. मात्र वृद्धांत आणि यकृताच्या रुग्णांत डायझेपाम साचत जातं, म्हणून हे ज्याचं त्यानं ठरवायचं काम नव्हे.

दुसरं गणित वक्ररेषेचं. मात्रा आणि भरलेल्या जागा यांचं नातं सरळ नसतं. समजा, २ मिलिग्रॅमला निम्म्या जागा भरतात. मग १० मिलिग्रॅमला ८३ टक्के भरतील आणि ८ मिलिग्रॅमला ८०. वरचे २ मिलिग्रॅम काढले, फरक तीन टक्क्यांचा. खालचे २ काढले, तर थेट पन्नास टक्क्यांचा. (आकडे उदाहरणापुरते, रेषेचा आकार खरा.) म्हणूनच ‘आता एवढीशीच उरली, टाकून देऊ’ असं म्हणणारे शेवटच्या पाव गोळीला अडतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांचा २०२५ चा सल्ला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करून पाहा असा आहे, आणि तोही चालू मात्रेच्या टक्क्यांत. सात दिवसांत ‘डिटॉक्स’ करून देणाऱ्या जाहिरातींना या रेषेपुढे काही उत्तर नाही.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. क्लोनाझेपाम आणि नैराश्यावरचं औषध एकाच गोळीत मिळतं. माणूस समजतो, एकच गोळी. ती बंद केली की दोन औषधं एकदम बंद होतात, आणि त्रास कशाचा ते डॉक्टरांनाही चटकन उमगत नाही. आणि उराक-फेणीच्या मोसमात सांगायलाच हवं: दारूही याच ग्राहकाला चेतवते. बेंझोडायझेपीनला गाबाची जी मर्यादा होती, ती दारू सोबत असली की राखण करत नाही. अशानं श्वास मंदावून माणसं दगावली आहेत.

झोपेसाठी मग दुसरं काय? पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये ठासून सांगत होता की संमोहनात, तेव्हा समजत तसा, कुठलाही चुंबकीय द्रव वाहत नाही. जे घडतं ते झोपणाऱ्याच्याच मनात घडतं. आज निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून अमेरिकेतल्या फिजिशियनांची संघटना जे सांगते (२०१६), ते वर्तनोपचाराचंच आहे: उठण्याची वेळ ठरलेली, अंथरुणात तळमळत पडायचं नाही, झोपेविषयीच्या भीतीवर काम करायचं. चिंता आणि नैराश्यासाठी गोव्यातल्याच सरकारी आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ या संस्थेनं प्रशिक्षित साध्या समुपदेशकांकडून काम करून घेतलं आणि २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा गुण येतो हे दाखवलं. आपल्या दारातला पुरावा आहे हा.

१ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम अशा गोळ्या औषध नियमांच्या एच-१ अनुसूचीत आहेत. पाकिटावर लाल चौकट. फार्मासिस्टनं डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपायची. नियम चांगला आहे. पण एका जागी ‘नाही’ ऐकून आजी तीन दिवस गोळीविना राहिल्या तर धोका वाढतो, कमी होत नाही. नकाराबरोबर डॉक्टरकडे जायचा रस्ताही सांगायला हवा. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जाता येतं, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करता येतो.

सर्वांत जास्त घात होतो तो हॉस्पिटलात. आजी पडतात, खुब्याचं ऑपरेशन ठरतं. बीपी-शुगरची यादी डॉक्टरांना दिली जाते. रात्रीची अर्धी गोळी कुणाच्या लक्षातच नसते. दोन-तीन दिवसांनी आजी भिंतीवर माणसं बघू लागतात, सलाइन ओढतात, मेलेल्या नणंदेशी बोलतात. कुणी म्हणतं भार आला, कुणी घाड्याकडे माणूस धाडतं, कुणी देवळात कौल लावतं. त्या वेळी मेंदूतले लाखो ग्राहक न मिळालेल्या गोळीची वाट पाहत असतात, आणि नारळ ओवाळण्यात गेलेला प्रत्येक तास फिटच्या जवळ नेतो. भूल देणाऱ्या डॉक्टरना दाखल होतानाच सांगा: कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची, किती वर्षं, शेवटची कधी घेतली. चिठ्ठी सापडत नसेल तर ती कापलेली स्ट्रिप घेऊन जा.