प्रीलोड वाढवणं वेगळं, कडक स्प्रिंग टाकणं वेगळं

जुनी टूरिंग बाईक, मागे पिलियन, दोन्ही बाजूंना भरलेले बॉक्स, आणि खड्डा आला की मागचा शॉक तळापर्यंत जाऊन आपटतो. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे प्रीलोड वाढव (स्प्रिंग आधीच थोडी जास्त दाबून ठेव), स्प्रिंग कडक होईल. तसं केलं की गाडी मागून उचलली जाते म्हणून फरक पडल्यासारखा वाटतो, पण स्प्रिंग होती तेवढीच कडक राहते.

समजा स्प्रिंगचा रेट १० किलो प्रति मिमी आहे, म्हणजे १ मिमी दाबायला १० किलो लागतात. शॉकवर बसवतानाच ती १० मिमी दाबून ठेवली तर १०० किलो जोर येईपर्यंत शॉक हलणारच नाही, हा झाला प्रीलोड. नट फिरवून तो २० मिमी केला तर २०० किलोपर्यंत हलणार नाही, पण एकदा हलला की पुढचा प्रत्येक मिमी दोन्ही वेळी १० किलोतच जातो (सारख्या वेटोळ्यांच्या साध्या स्प्रिंगचं बोलतोय, प्रोग्रेसिव्हचं, म्हणजे दाबत जावी तशी कडक होणारीचं, थोडं वेगळं असतं). रेट ठरतो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि मोकळी वेटोळी किती यावर. नुसती तार १० टक्के जाड घेतली तरी स्प्रिंग जवळपास दीडपट कडक होते!

जुन्या गाडीत अजून एक गोंधळ होतो, सगळे म्हणतात स्प्रिंग वापरून वापरून नरम झाली. खरं तर ती दबून दबून थोडी आखूड होते, रेट जवळजवळ तोच राहतो, आणि आखूड झाल्यामुळे गेलेला प्रीलोड नटाने परत आणता येतो. गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा डोलत असेल तर बघायचं ते डँपिंग, म्हणजे शॉकमधलं तेल आणि गॅस. त्यावर कडक स्प्रिंग टाकली तर डोलणं उलट वाढेल.

मग स्प्रिंग बदलायची की नाही हे सॅग मोजून कळतं, सॅग म्हणजे चाक अधांतरी असतानाच्या मापापेक्षा गाडी वजनाने किती मिमी खाली बसते ते. मागचं चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून सरळ वर शेपटीवरच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंत माप घ्या, मग गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, मग नेहमीचा सगळा भार चढवून. भारासकट ३० ते ४० मिमी बसेल असा प्रीलोड लावा आणि मग रिकाम्या गाडीचा सॅग परत बघा, साधारण १० मिमीच्या आसपास हवा. तो शून्यावर आला, गाडी अगदी वरपर्यंत ताणून उभी राहिली, तर स्प्रिंग तुमच्या भारासाठी मऊ आहे, बदला. रिकामा सॅग खूपच जास्त आला तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. हे उलटं वाटतं खरं, पण मऊ स्प्रिंगला भार पेलायला प्रीलोड जास्त द्यावा लागतो आणि त्यामुळेच रिकामी गाडी बसत नाही.

बदलताना आधी प्रीलोड पूर्ण सोडा, आणि तरीही स्प्रिंग ताणात असेल तर धड स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय हात लावू नका, पट्टे-दोऱ्या बांधून तर अजिबात नको, ती सुटली तर हाड मोडेल इतका जोर असतो. नवीन स्प्रिंगचा आतला व्यास आणि लांबी जुन्या शॉकला जुळतेय का बघा, आणि बसवल्यावर रिबाउंडचा (दबलेला शॉक परत किती जोरात उघडतो ते आवरणारा) स्क्रू असेल तर तो थोडा घट्ट करून सॅग पुन्हा मोजा.