टॅलीमध्ये कोणाला कोणते राइट्स (काय पाहता, करता यावं याची परवानगी) द्यावेत?
(टॅलीप्राइम वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पेढीत तीन-चार जण टॅलीवर काम करतात आणि सगळे एकाच नावाने, बहुधा मालकाच्याच पासवर्डने, आत शिरतात. काम अडत नाही, म्हणून कोणाला त्यात वावगंही वाटत नाही. मग मार्चअखेरीस सीए विचारतात, ‘ऑक्टोबरचं हे बिल कोणी बदललं?’ एडिट लॉग (कोणी, कधी, काय बदललं याची टॅलीतली नोंद) उघडला तर तारीख दिसते, वेळ दिसते, पण नाव प्रत्येक ओळीत तेच. अशा वेळी संशय जातो तो सगळ्यात नव्या पोरावर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तेव्हा राइट्सचा विचार नंतर, आधी ‘माणूस तितकी नावं’ हा नियम लावा. ‘ऑपरेटर १’, ‘काउंटर’ अशी नावं देऊ नका. खुर्चीवरची माणसं बदलत राहतात.

सुरुवात कुठून करायची

आधी बॅकअप घ्या. मग ऑल्ट आणि के दाबून कंपनी ऑल्टरमध्ये जा आणि ‘कंट्रोल यूजर अ‍ॅक्सेस टू कंपनी डेटा’ला ‘येस’ करा. इथे टॅली अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नाव आणि पासवर्ड मागते. हा पासवर्ड मालकाचा. तो कागदावर लिहून, पाकीट बंद करून तिजोरीत ठेवा. विसरलात तर तो परत मिळवण्याचा सोपा मार्ग नाही.

त्यानंतर ऑल्ट आणि के दाबूनच ‘यूजर रोल्स’मध्ये रोल (कामानुसार राइट्सचा संच) तयार करा आणि ‘यूजर्स अँड पासवर्ड्स’मध्ये प्रत्येक माणसाला रोल लावा. क्रम हाच ठेवा. नवा रोल करताना टॅलीत आधीपासून असलेला ‘डेटा एंट्री’ रोल पाया म्हणून घेता येतो. मात्र त्यात काय काय आधीच उघडं आहे ते वाचा, मगच ‘अलाउ’ आणि ‘डिसअलाउ’च्या याद्या भरा.

काउंटरवरच्या माणसाला विक्री आणि पावती एवढीच व्हाउचर (व्यवहाराच्या नोंदी), तीही फक्त ‘क्रिएट’. बिल चुकलं तर त्याने सांगावं आणि दुरुस्ती अकाउंटंटने करावी. सुरुवातीला कुरकुर होईल, पण झालेलं बिल परस्पर कमी करून फरक खिशात घालण्याची वाट इथेच बंद होते. अकाउंटंटला बहुतेक व्हाउचर द्या, पण नवीन पुरवठादाराचं लेजर (खातं) उघडणं, त्याचे बँक तपशील भरणं आणि त्यालाच पैसे पाठवणं ही तिन्ही कामं एका हाती नकोत. माणसं दोनच असतील तर पेमेंटचं शेवटचं बटण मालकाने दाबावं. बाहेरून येणाऱ्या सीएच्या माणसाला ‘डिस्प्ले’ पुरतं.

नफा कुठून फुटतो

‘बॅलन्स शीट आणि नफा-तोटा बंद केला, आता काही दिसणार नाही,’ असं समजून बरेच जण थांबतात. पण स्टॉक समरी (शिल्लक मालाचा अहवाल) उघडी राहिली तर तिथे प्रत्येक मालापुढे नग, दर आणि रक्कम असते. तुमचा खरेदीचा भाव काउंटरवरून सरळ वाचता येतो. एफ १२ दाबून ते रकाने लपवले, तर तोच माणूस एफ १२ दाबून परत आणू शकतो. डे बुकचंही (रोजच्या नोंदींच्या यादीचंही) तसंच. एंटर दाबत गेलं की खरेदीच्या मूळ बिलापर्यंत पोचता येतं. म्हणून राइट्स दिल्यावर कंपनी बंद करून त्या माणसाच्या नावाने उघडा, ऑल्ट आणि जी (गो टू) दाबा आणि अहवाल एकेक उघडून पाहा. अर्धा तास जाईल, पण याला पर्याय नाही.

जुन्या तारखेच्या एंट्र्या

रोलमध्ये बॅकडेट (मागच्या तारखेच्या) एंट्रीसाठी दोन रकाने असतात: किती दिवस मागे जाता यावं आणि कोणत्या तारखेच्या (कट-ऑफ तारखेच्या) मागे अजिबात जाता येऊ नये. काउंटरला दोन-तीन दिवस पुष्कळ झाले. दुसरा रकाना जीएसटीशी बांधून घ्या. मासिक रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं विवरण) २० तारखेपर्यंत जातं. ३बी भरलं की त्याच दिवशी कट-ऑफ तारीख पुढे सरकवा. नाहीतर मागच्या महिन्याच्या बिलात कोणीतरी ‘छोटीशी दुरुस्ती’ करतो आणि वह्या एक सांगतात, पोर्टल दुसरंच. नेमक्या कट-ऑफ तारखेची एंट्री बंद झाली का, तेही एकदा उघडून बघा.

बिल काढून टाकणं (ऑल्ट आणि डी) आणि रद्द करणं (ऑल्ट आणि एक्स) यांत फरक आहे. रद्द केलेल्या बिलाचा नंबर जागेवर राहतो. काढून टाकलेल्या बिलाचं तसं नाही. व्हाउचर टाइपमध्ये ऑटोमॅटिक नंबर नव्याने लागण्याची सेटिंग असेल, तर पुढची सगळी बिलं एकेकाने सरकतात आणि गिऱ्हाइकाच्या हातातल्या छापील बिलाचा नंबर तुमच्याकडे दुसऱ्याच कोणाचा होतो. डिलीट कोणालाही न देणं उत्तम.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे, ती बंद करता येता कामा नये आणि ऑडिटरला त्याबद्दल अहवालात लिहावं लागतं. त्यासाठी ‘टॅलीप्राइम एडिट लॉग’ ही आवृत्ती घ्या. साध्या टॅलीप्राइममध्ये लॉग बंद करता येतो. प्रोप्रायटरी आणि भागीदारी पेढ्यांना ही सक्ती नाही.

टॅलीच्या बाहेरची दारं

टॅलीतले राइट्स टॅलीपुरतेच. डेटाचा फोल्डर नेटवर्कवर शेअर असेल, तर विंडोजमधून तो पेन ड्राइव्हवर घेणं किंवा डिलीट करणं टॅली थांबवू शकत नाही. टॅलीव्हॉल्ट (डेटाला कुलूप लावणारी टॅलीतली सोय) लावलं तर कॉपी नेलेला डेटा एन्क्रिप्टेड (पासवर्डशिवाय न वाचता येणारा) राहतो, कंपनीचं नावही दिसत नाही. पण व्हॉल्टचा पासवर्ड हरवला की डेटा गेला, आम्हीही काही करू शकत नाही. डिलीट होण्यावर उपाय एकच: रोजचा बॅकअप, तोही त्या कॉम्प्युटरवर नको.

ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी लागणारं ऑनलाइन बिल) पोर्टलवर ‘यूजर मॅनेजमेंट’मधून प्रत्येकाला सब-यूजर (मुख्य खात्याखालचं स्वतंत्र लॉगिन) काढून द्या. तो सगळ्या शाखांसाठी की एकाच जागेसाठी, त्याने फक्त बिल काढावं की नाकारण्याचं कामही करावं, हे तिथे ठरवता येतं. ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो, त्यामुळे मालक गावाला गेला म्हणून गाडी गोदामाबाहेर खोळंबत नाही.

माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी संध्याकाळच्या आत त्याचा टॅलीचा पासवर्ड बदला, ई-वे पोर्टलवर त्याचा सब-यूजर ‘फ्रीझ’ करा, रिमोट सॉफ्टवेअरचा पासवर्ड बदला आणि बँकेत त्याचा मोबाइल नंबर कुठे लावलेला आहे का, ते तपासा.