चोच आहे, चारा नाही

"अळीला औषधाची सवय झाली." आमच्या यवतमाळकडच्या कापूसपट्ट्यात हे वाक्य प्रत्येक पारावर ऐकू येतं. सवय एकेका जिवाला लागते. इथे घडतं ते वेगळंच, आणि ते मला आठवीच्या वर्गात दाखवायचं होतं.

अर्ध्या मुलांना चिमटे दिले, अर्ध्यांना पक्कडी. या त्यांच्या चोची. सतरंजीवर ज्वारी आणि धुऱ्यावरून वेचलेले सराटे पसरले. ज्वारी उचलून पेल्यात टाकायची, सराटा मात्र फोडला तरच खाल्ला असं धरायचं. वेळ अर्धा मिनिट. उपाशी राहील त्याने भिंतीशी बसायचं. जगलेल्याने भिंतीजवळचा एक गडी पिल्लू म्हणून आणायचा, त्याच्या हातात पालकाचीच चोच. पहिल्या फेरीत चिमटेवाले पुढे. मग मी ज्वारी झाडून घेतली, म्हणजे दुष्काळ. दोनच फेऱ्यांत सतरंजीभोवती पक्कडीच पक्कडी.

"मॅडम, पन चोच तं कोनाचीच बदलली नाई!" एक पोरगी म्हणाली. नेमकं हेच! बदललं ते प्रमाण.

पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर बेटावर हे खरोखर घडलं, आणि तिथेही आपल्या सराट्याचा भाऊबंदच होता. १९७३ पासून पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जीवशास्त्रज्ञ जोडपं तिथल्या फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत होते. १९७७ मध्ये पावसाने दडी मारली. बारीक बिया संपल्या, उरली टणक काटेरी फळं. दर पाच पक्ष्यांमागे चाराहून जास्त मेले. जगलेल्यांच्या चोची आधीच्या सरासरीपेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटरने जास्त जाड भरल्या. अर्धा मिलिमीटर, आणि त्यावर जगणं-मरणं ठरलं! जाड चोच काहींना आईबापांकडून आधीच मिळालेली होती. दुष्काळाने ती घडवली नाही, निवडली. म्हणून पुढची पिल्लंही जाड चोचीची निघाली. १९८३ च्या धुवांधार पावसानंतर बारीक बिया माजल्या, तेव्हा पारडं लहान चोचींकडे झुकलं.

'ज्याने चोच दिली तो चाराही देईल' ही म्हण धीर देते, पण निसर्ग तसा चालत नाही. कोणता चारा उरेल हे पाऊस ठरवतो, आणि तो कोणाची चोच बघून पडत नाही.

गुलाबी बोंडअळीचंही तेच. बीटी कापूस अळी मारणारं विष स्वतःच तयार करतो; त्या विषाला दाद न देणाऱ्या थोड्या अळ्या आधीपासून होत्या. बाकीच्या मेल्या, या उरल्या, आणि २०१७ मध्ये त्यांच्या वंशाने विदर्भातली बोंडं पोखरली. बियाण्यासोबत नॉन-बीटीचं पाकीट दिलं गेलं ते यासाठीच. नॉन-बीटीच्या ओळींत साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग चिवट पतंगांशी जुळावेत. चिवटपणा बहुधा आई आणि बाप दोघांकडून आला तरच अळीत उतरतो, त्यामुळे अशा जोड्यांची पिल्लं विषाला बळी पडतात.

पुढच्या आठवड्यात सतरंजीच्या एका कोपऱ्यात थोडी ज्वारी राखून तोच खेळ पुन्हा लावणार आहे.