विमानाचे सोंग

कोल्हापूरकडच्या जत्रांतील तमाशात सोंगाड्या अडखळतो, धडपडतो, पडता पडता सावरतो. पण ढोलकीचा ठेका त्याच्याकडून कधी सुटत नाही. विमान घेऊन असेच सोंग वठवणारे वैमानिकही आहेत. अमेरिकेतील हवाई कसरतींत शेतकऱ्याच्या वेशातला एक इसम छोट्या पिवळ्या विमानात चढतो, आणि उडवता येत नसल्यासारखे ते विमान लंगडत, डुलत, आडवे सरकत धावपट्टीवर घिरट्या घालू लागते. इंग्लंडमध्ये हेंडनच्या हवाई प्रदर्शनांतही दोन महायुद्धांच्या दरम्यान असे ‘वेडे’ उड्डाण होत असे, आणि ते करणारे चक्क उड्डाणशिक्षक असत.

या सोंगाला १९३८ ते १९४७ दरम्यान तयार झालेले पायपर कब हे विमान फार सोयीचे पडते. इंजिन अवघे ६५ अश्वशक्तीचे, भरलेले वजन सुमारे ५५० किलो, आणि पंख इतके ऐसपैस की त्यांच्या दर चौरस मीटरवर जेमतेम ३३ किलो भार येतो. म्हणून ते ताशी ६० किलोमीटरच्या आसपासही हवेत टिकते. आषाढातल्या वाऱ्यात रंकाळ्यावर घार जागच्या जागी तरंगताना दिसते, त्यामागेही हेच गणित आहे: हवेतला वेग ६५ आणि समोरून वारा ४० चा असेल, तर जमिनीवरून विमान ताशी २५ किलोमीटरनेच पुढे सरकते.

डुलण्याचे कारण मात्र पंखांच्या टोकांशी आहे. विमान उजवीकडे कलवायचे तर डाव्या पंखामागची झडप खाली वळते. त्या पंखाची उचल वाढते, तसा हवेचा अडथळाही वाढतो, आणि नाक उलट डावीकडे खेचले जाते. शिकाऊ वैमानिकाला पायाने उजवे रडर (शेपटीची उभी झडप, जी नाक डावी-उजवीकडे वळवते) दाबून ही ओढ मोडायला शिकवतात. सोंग करणारा ती मोडत नाही, किंवा मुद्दाम उलटे रडर दाबतो. मग विमान तिरपे होऊन हवेला कूस देते, अडथळा वाढतो आणि वेग न वाढता ते झपाट्याने खाली येते. आडव्या वाऱ्यात एका चाकावर उतरण्याची रीतही हीच, म्हणून मला ही कसरत उड्डाणविद्येतला उत्तम पाठ वाटते.

धोका वेगापेक्षा कोनाचा अधिक. पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशी असलेला कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला की उचल ढासळते. त्या क्षणी विमान आडवे सरकत असेल तर एक पंख आधी पडतो आणि गिरकी सुरू होते. झाडाच्या उंचीवर ती सावरायला जागाच नसते. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची धावपट्टी तर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. वैशाखाच्या दुपारी ३८ अंश तापमानात तिथली हवा समुद्रसपाटीवरील प्रमाण हवेपेक्षा साधारण १४ टक्के विरळ भरते, त्यामुळे तिथे ताशी ६० ची मर्यादा ६५ च्या जवळ जाते, आणि इंजिनाचा जोरही तेवढाच उतरलेला असतो.