कॅमेऱ्याचे पुनर्विक्री मूल्य

कॅमेऱ्याचे पुनर्विक्री मूल्य : वापरलेला कॅमेरा पुन्हा विकायला काढल्यावर हाती येणारी किंमत. बाजारात तिला नुसते ‘रिसेल’ म्हणतात. मोटारीसारखाच कॅमेराही दुकानाची पायरी उतरला की स्वस्त होतो. पण तो कितीवर येऊन थांबेल आणि पुढे कधी भाव खाईल का, याचे उत्तर फिल्म कॅमेऱ्याला एक आणि डिजिटलला दुसरे मिळाले आहे. लायका कंपनीचा एम३ हा फिल्म कॅमेरा १९५४ साली आला. आजही त्याला गिऱ्हाईक आहे, आणि घेणारा तो कपाटात न ठेवता त्यात रोल भरून फोटो काढतो. त्याच कंपनीचा, त्याच घडणीचा एम९ हा डिजिटल कॅमेरा २००९ सालचा. काही वर्षांतच त्याच्या चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरची काच दमट हवेने खराब होऊ लागली. कंपनीने बरीच वर्षे सेन्सर बदलून दिले, मग बदली सेन्सरचा साठाच संपला. तेव्हापासून बाजारात एम९ चे दोन भाव आहेत : सेन्सर बदललेल्याचा एक, न बदललेल्याचा दुसरा. धातूचे अंग, लेन्स बसवायचे तोंड, व्ह्यूफाइंडर हे सारे धडधाकट असले तरी भाव ठरतो तो नखाएवढ्या जाडीच्या त्या काचेवर.

फरक इथेच आहे. फिल्म कॅमेरा म्हणजे उजेड न शिरणारी पेटी, क्षणभर उघडणारा पडदा, म्हणजे शटर, आणि पुढे लेन्स. चित्र उमटते ते फिल्मवर, आणि फिल्म तर दर छत्तीस फोटोंनंतर बदलायचीच असते. कोडॅकने २०१० साली पोर्ट्रा ४०० ही रंगीत फिल्म नव्याने बनवून आणली. पहिल्यापेक्षा बारीक कणांची ही फिल्म १९५९ सालच्या निकॉन एफमध्येही बिनतक्रार बसली. एक्कावन्न वर्षांच्या म्हाताऱ्याला एका रोलच्या पैशात नवे डोळे मिळाले म्हणायचे. डिजिटल कॅमेऱ्यात ही सोय नाही. सेन्सर, प्रोसेसर, मागची स्क्रीन, बॅटरीचा आकार, कार्डाची खाच हे सारे बनवल्या दिवशीच गोठते, आणि पुढच्या वर्षी शेजारच्या खोक्यात त्याहून सरस काही येते.

सुरुवातीच्या काळात हा वेग भयंकर होता. निकॉन डी१ (१९९९) हा वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी डोक्यावर घेतलेला कॅमेरा २.७ मेगापिक्सेलचा होता आणि साडेपाच हजार डॉलरच्या आसपास विकला जाई. चारच वर्षांनी, २००३ मध्ये, कॅननचा ३००डी आला : ६.३ मेगापिक्सेल, लेन्सविना नुसती बॉडी ८९९ डॉलर. दुपटीहून जास्त मेगापिक्सेल साधारण सहाव्या हिश्श्याच्या पैशात मिळू लागल्यावर डी१ ला विचारणार कोण? तो बिघडला नव्हता, त्याचे फोटोही वाईट झाले नव्हते. फक्त पुढची गाडी फलाटाला लागली होती. कॅननचा ५डी (२००५, ३,२९९ डॉलर) आजही सुरेख फोटो काढतो, आणि तरी मूळ किमतीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी पैशांत मिळतो. चांगल्या कामापुरता कॅमेरा हवा असणाऱ्या विद्यार्थ्याला याहून शहाणा सौदा क्वचितच सापडेल.

पुढे सेन्सरमधली सुधारणा मंदावली आणि भावाची घसरगुंडीही सौम्य झाली. मग २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन या दोघांनीही पूर्ण आकाराच्या सेन्सरचे आरशाविना चालणारे, म्हणजे मिररलेस कॅमेरे नव्या माउंटसह, म्हणजे लेन्स बसवायच्या नव्या तोंडासह, आणले. त्यानंतर आरसेवाल्या डीएसएलआरचा भाव पुन्हा पडला. या वेळी सेन्सर जुना झाला नव्हता. पुढे नव्या लेन्स मिररलेससाठी निघणार होत्या; वाटच दुसरीकडे वळली होती.

पडता काळ आणि चढता काळ : फिल्म कॅमेऱ्यांची किंमत आपसूक टिकून राहिली, हा समज चुकीचा आहे. ती आधी साफ कोसळली. २००६ हे त्यातले ठळक वर्ष. निकॉनने एफ६ आणि एफएम१० सोडून बाकी फिल्म कॅमेरे बंद करत असल्याचे जानेवारीत सांगितले, आणि कोनिका मिनोल्टाने कॅमेऱ्यांचा धंदाच सोडून त्यातला डीएसएलआरचा भाग सोनीकडे दिला. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या सुमाराला स्टुडिओवाले आपले मीडियम फॉरमॅटचे, म्हणजे मोठ्या फिल्मचे, कॅमेरे मिळेल त्या भावात काढत होते. ज्यांनी तेव्हा त्यातला हॅसलब्लाड घेऊन ठेवला त्यांना दूरदृष्टीचे म्हणायचे की नुसते हौशी, हे ज्याचे त्याने ठरवावे. बहुतेक हौशीच होते.

भाव तळाला गेला, पण तळाखाली जायला जागा नव्हती; आणि नवे कॅमेरे फारसे बनत नसल्याने जो एक बिघडे तो कायमचा कमी होई. गेल्या दशकात तरुण पिढी फिल्मकडे वळली तेव्हा मागणी या आटलेल्या साठ्यावर येऊन पडली. कॉन्टॅक्स टी२ चे उदाहरण नेहमी दिले जाते. १९९० च्या सुमाराचा हा टायटॅनियमच्या अंगाचा छोटा कॅमेरा २०१७ साली मॉडेल केंडल जेनर हिने अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात दाखवला, आणि त्याचा भाव पुढच्या काळात दुपटीहून वर गेला. बनवणाऱ्या क्योसेराने कॉन्टॅक्सचे काम २००५ मध्येच आटोपते घेतले होते. मागणी पाहून कंपन्याही परतल्या : लायकाने २०२२ मध्ये एम६ पुन्हा काढला, आणि २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ हा अर्ध्या फ्रेमचा, म्हणजे एका फोटोच्या जागेत दोन बसवणारा, नवा फिल्म कॅमेरा आला.

टी२ चा भाव फॅशनचा आहे; आतली सर्किट पट्टी गेली तर दुरुस्त करणारा शोधत फिरावे लागते. निकॉन एफएम२ (१९८२) चा भाव कामाचा आहे. त्याला बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजायला; सेकंदाच्या चार हजाराव्या हिश्श्याइतका वेगवान शटर स्प्रिंग आणि दातेरी चाकांवर चालतो. बॅटरी काढून फेका, फोटो निघतोच. दोन्ही कॅमेरे महाग झाले असले तरी पुढच्या वीस वर्षांत कोणता भाव टिकवील हे सांगायला ज्योतिषी नको.

फिल्म कॅमेरा फिल्मविना मात्र निव्वळ पेपरवेट. १९९६ साली मोठ्या गाजावाजाने आलेली एपीएस फिल्म २०११ मध्ये बनायची थांबली, आणि तिच्यासाठी घडवलेले सुबक कॅमेरे कवडीमोल झाले. फुजीने एफपी-१००सी ही सोलून काढायची झटपट फिल्म २०१६ मध्ये बंद केली, तेव्हा जुन्या पोलरॉइड पॅक कॅमेऱ्यांवरही हीच पाळी आली. ३५ मिलिमीटर आणि १२० या मापांच्या रोलांचे कारखाने चालू आहेत, म्हणून त्या कॅमेऱ्यांना किंमत आहे.

कामाच्या किमतीशी ज्यांचा काही संबंध उरलेला नाही असे कॅमेरे वेगळेच. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बनलेल्या लायकाच्या चाचणी मालिकेतला, लायकाचे जनक खुद्द ऑस्कर बार्नाक यांनी वापरलेला १०५ क्रमांकाचा कॅमेरा जून २०२२ मध्ये वेट्झलार इथल्या लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. तिथे छायाचित्रणाचा नाही, पुराणवस्तूंचा नियम चालतो. संग्राहकांच्या या जगात काळा रंग झिजून कडांना पितळ दिसू लागले तरी लायका देखणा ठरतो. डिजिटल बॉडीचा तसाच रंग उडाला तर विकत घेणारा म्हणतो, “फार वापरलाय हो,” आणि भाव पाडतो.

लेन्स : अनुभवी माणसे बॉडी वापरतात आणि लेन्स सांभाळतात. लेन्समध्ये जुने होण्यासारखे फारसे नसते, म्हणून तिची किंमत बॉडीपेक्षा सावकाश उतरते. नव्या बॉडीच्या खोक्यातच फुकटात आल्यासारखी येणारी किटची झूम तेवढी वगळायची. पण लेन्सचेही नशीब माउंटला बांधलेले असते. कॅननने १९८७ साली एफडी माउंट सोडून ईएफ माउंट आणला. एफडी लेन्स फिल्मच्या पातळीपासून ४२ मिलिमीटरवर बसायची आणि ईएफ कॅमेऱ्याचे तोंड ४४ मिलिमीटरवर. या दोन मिलिमीटरांपायी जुनी लेन्स नव्या बॉडीवर नुसत्या कड्याने बसवली तर दूरचा डोंगर फोकसमध्ये येईना. उत्तम काच असूनही एफडी लेन्स वीस-पंचवीस वर्षे स्वस्तात पडून राहिल्या. मग मिररलेस आले. सोनीच्या ई माउंटमध्ये हे अंतर १८ मिलिमीटर, म्हणजे मध्ये अडॅप्टरचे कडे बसवायला भरपूर जागा. लेन्समध्ये काडीचाही बदल न होता त्यांचा भाव वर चढला.

भारतात : आयातीवर निर्बंध असताना परदेशी कॅमेरा बहुधा आखातातून किंवा अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून यायचा, आणि वापरून जुना झाला तरी हातोहात खपायचा. लग्नाच्या छायाचित्रकाराच्या गळ्यात यशिका मॅट १२४जी असे. वरून खाली वाकून पाहायचा हा दोन डोळ्यांचा कॅमेरा आजही चालू स्थितीत असेल तर चांगले पैसे देतो. उलट घराघरांत असलेला आग्फा क्लिक थ्री भावनेने कितीही मोलाचा असला तरी बाजारात त्याला भाव नाही. तो उदंड बनला आणि त्याची लेन्स साधी एका भिंगाची आहे. आजोबांचा कॅमेरा म्हणून आणणाऱ्याला हे सांगताना दुकानदाराचाही आवाज खाली येतो.

मुंबईत फोर्टातला बोरा बाजार आणि दिल्लीत चांदणी चौकाजवळचा कूचा चौधरी ही या व्यवहाराची जुनी ठिकाणे. डिजिटल बॉडीला इथे ‘बिल-बॉक्स’ आहे का हे आधी विचारतात. पक्के बिल नसेल तर माल परस्पर आयात केलेला असण्याची शंका येते आणि किंमत तुटते. सर्वांत मोठा वापर लग्नवाल्यांचा. एका लग्नात दोन-तीन हजार फोटो सहज निघतात. हंगामात पन्नास लग्ने झाली की शटरने लाखाचा टप्पा ओलांडलाच. निकॉन डी७५० चा शटर दीड लाख वेळांसाठी, डी८५० चा दोन लाखांसाठी तपासलेला असतो. हौशी माणसाने महिन्याला एक रोल या हिशेबाने चाळीस वर्षे फिल्म कॅमेरा वापरला तरी आकडा साडेसतरा हजारांच्या आत राहतो. जुना फिल्म कॅमेरा ठणठणीत सापडतो त्यामागे हे साधे गणितही आहे.

कोकण आणि मुंबईच्या हवेत किमतीचा खरा वैरी म्हणजे बुरशी, बाजाराच्या भाषेत ‘फंगस’. पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवलेल्या लेन्सवर ती आधी धरते, कारण चामडे ओल धरून ठेवते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरतात. वेळीच साफ केले तर डाग जातो, नाहीतर बुरशी काचेवरचा लेप खाते आणि मग नुसती साफसफाई पुरत नाही.

अपवाद आणि उलटे वारे : डिजिटल कॅमेरा नव्यापेक्षा महाग विकला गेल्याचे उदाहरण फुजीफिल्म एक्स१००व्ही (२०२०, १,३९९ डॉलर) याचे आहे. २०२२ पासून टिकटॉकवर तो गाजला, कारखान्याला पुरवठा झेपेना, आणि वापरलेला कॅमेरा छापील किमतीच्या वर गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुढचे मॉडेल जाहीर होताच हा फुगा उतरू लागला. खिशात मावणाऱ्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची लाटही त्याच सुमाराची. जपानी उत्पादक संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले. २०२३ मध्ये सुमारे ७७ लाख. त्या पूर आलेल्या वर्षांतला माल घरोघरी खणांत पडलेला होता, तोच आता ‘जुना लूक’ म्हणून विकला जातो. त्यातही आता न बनणारे एक्सडी किंवा स्मार्टमीडिया कार्ड लागणारा कॅमेरा घेणारा पुढे कार्डच शोधत बसतो.

फिल्म कॅमेरा ही गुंतवणूक आहे असे कोणी सांगितले तर रोल, धुलाई आणि स्कॅनचा खर्च विचारावा. महिन्याला दोन रोल वापरणाऱ्याचा हा खर्च बऱ्याच कॅमेऱ्यांच्या किमतीला दोन-तीन वर्षांतच गाठतो. बॉडीचे पैसे वसूल होतात, रोलचे होत नाहीत.

पारख : निकॉनच्या डिजिटल बॉडीचा शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा उघडला तो आकडा, फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो, कॅननच्या बऱ्याच बॉडींचा काढायला वेगळे सॉफ्टवेअर लागते. सेन्सरवरची धूळ पाहायला लेन्सचे छिद्र एफ/१६ इतके बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढतात. फिल्म कॅमेऱ्याला मात्र हात लावावा लागतो. मागचे दार उघडून कडेच्या फोमवर बोट फिरवायचे. काळा चिकट डांबरासारखा थर बोटाला आला तर उजेड आत शिरतो, पण हे काम स्वस्तातले आहे. बुरशी पाहायला लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून मागून टॉर्च मारायचा. शेवटी शटर एका सेकंदावर ठेवून कॅमेरा कानाजवळ धरायचा. पडदा उघडतो, आत बारीक घर्रर्र होते, आणि मग पडदा मिटतो. ती घरघर मध्येच अडखळली तर तेल सुकले आहे. बोरा बाजारातला जुना मेकॅनिक आकडा सांगण्याआधी हे दोनदा ऐकतो.